फुफ्फुस बदलायची सर्जरी : कुत्रं, माकड, उंदीर आणि डुकरानं डॉक्टरांना काय शिकवलं

वीस-पंचवीस ग्रॅमच्या उंदराचं डावं फुफ्फुस काढून त्या जागी दुसऱ्या उंदराचं फुफ्फुस बसवता येतं, आणि बसवलेलं फुफ्फुस हवा घेतं, त्यातून रक्त खेळतं, उंदीर शुद्धीवर येऊन पिंजऱ्यात फिरायला लागतो. २००७ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या टीमनं ही पद्धत छापली, आता बऱ्याच लॅबमध्ये ती वापरतात. मी यवतमाळ जिल्ह्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आहे, बैलाचा खांदा सुजला, गाय अडली, शेळीला न्यूमोनिया झाला ही माझी रोजची कामं, त्यामुळं जनावराच्या छातीला हात घालणं किती अवघड असतं ते मला चांगलं ठाऊक आहे आणि म्हणूनच हा विषय मला लय भारी वाटतो, मराठीत कोणी नीट सांगितलेला दिसत नाही म्हणून लिहून राहिलो.

आमच्याकडं फुफ्फुस बिघडायला कारणं कमी नाहीत. जिनिंगमधली कापसाची धूळ, चुलीचा धूर, वणी-चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणी, वरून बिडी. घरी ऑक्सिजनचं मशीन लावून बसलेली माणसं आता खेड्यातही दिसतात. एक ओळखीचा शेतकरी, त्याचे वडील अख्खी उमर जिनिंगमध्ये राबलेले, शेळीला इंजेक्शन द्यायला आणली तेव्हा मला म्हणाला, "डॉक्टर साहेब, किडनी बदलते, लिव्हर बदलते, मंग फुफ्फुस काहून नाही बदलत?"

बदलते की. पण या सर्जरीला लय उशीर लागला, आणि उशीर का लागला तेच खरं सांगण्यासारखं आहे. किडनी १९५४ मध्ये यशस्वी झाली. फुफ्फुसाचा माणसातला पहिला प्रयत्न १९६३ चा, म्हणजे हृदयाच्याही चार वर्षं आधीचा, पण पेशंट वर्षानुवर्षं जगला असं पहिलं ऑपरेशन व्हायला १९८३ उजाडलं. मधली वीस वर्षं सुई-दोऱ्यात कोणी कमी पडलं असं नाही. नस नसेला जोडायची कला विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आली होती. अडलं होतं ते टाके घातल्यानंतर जखम भरण्यात, आणि ते कोडं कुत्र्यांवर काम करता करता सुटलं.

आधी फुफ्फुस कसं जोडलेलं असतं ते बघू. मेलेल्या शेळीचं पोस्टमॉर्टेम करताना बरगड्या उघडल्या की चांगलं फुफ्फुस गुलाबी, मऊ, हाताला हवेनं भरलेलं लागतं, त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो. न्यूमोनियानं घट्ट झालेला तुकडा लाल-काळपट असतो, तो सरळ तळाशी जातो. मालकाला हे बादलीत करून दाखवलं की शेळी कशानं गेली ते वेगळं सांगावं लागत नाही. मग फुफ्फुस उचलून त्याच्या मुळाशी बोट फिरवलं की तीन गोष्टी लागतात. एक श्वासनळीची फांदी, ब्रॉन्कस, कूर्चेच्या कड्यांमुळं कडक. दुसरी हृदयाकडून काळं रक्त आणणारी मोठी धमनी. तिसऱ्या म्हणजे लाल रक्त परत हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात नेणाऱ्या शिरा, त्या एकापेक्षा जास्त असतात आणि त्यांची भिंत पातळ असते. सर्जनला हे तीन जोड घालायचे असतात. चौथीही एक गोष्ट असते जी डोळ्याला पटकन दिसत नाही, ब्रॉन्कसच्या भिंतीला रक्त पाजणारी बारीक धमनी, ती शरीराच्या मुख्य धमनीतून वेगळी येते. फुफ्फुस काढताना ती तुटते आणि नंतर सहसा कोणी जोडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं हिच्याभोवती फिरतं.

कुत्र्यांवर सुरुवात केली सोव्हिएत रशियातल्या व्लादिमीर देमिखोव्ह यांनी, १९४६-४७ च्या सुमारास, कधी हृदय आणि फुफ्फुस एकत्र, कधी एकटं फुफ्फुस. तेव्हा ऑपरेशनवेळी हृदय-फुफ्फुसाचं काम सांभाळणारं हार्ट-लंग मशीन वापरात नव्हतं, रिजेक्शन (म्हणजे शरीरानं परका अवयव नाकारणं) थांबवणारी औषधं नव्हती, तरी त्यांनी दाखवून दिलं की बसवलेलं फुफ्फुस काम करू शकतं. मग १९५० मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरात आन्री मेत्रास यांनी एक युक्ती काढली जी मला या सगळ्या इतिहासात सर्वात सुंदर वाटते. त्या पातळ शिरा एक एक करून शिवत बसलं तर जोड अरुंद होतो, रक्ताची गाठ धरते आणि फुफ्फुस रक्तानं तुंबतं. त्यांनी शिरा शिवल्याच नाहीत. देणाऱ्या कुत्र्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचा, ज्यात त्या शिरा उघडतात, तेवढा गोल तुकडा शिरांसकट कापून घेतला आणि तो घेणाऱ्या कुत्र्याच्या हृदयाच्या कप्प्याला शिवला. दोन-तीन नाजूक जोडांऐवजी एकच मोठा, रुंद जोड. आज माणसाचं फुफ्फुस बदलताना जगात कुठंही गेलात तरी शिरांचा जोड असाच घालतात. मेत्रास यांनी ती चौथी बारीक धमनीसुद्धा जोडून बघितली होती, म्हणजे तिचं महत्त्व त्यांना तेव्हाच दिसलं होतं, पण ते काम इतकं किचकट की बाकीच्यांनी तो नाद सोडला.

अमेरिकेत मिसिसिपीमध्ये जेम्स हार्डी यांनी शेकडो कुत्र्यांवर सराव केल्यावर ११ जून १९६३ ला पहिल्यांदा माणसाचं फुफ्फुस बदललं. पेशंट १८ दिवस जगला आणि गेला तो किडनी निकामी होऊन, नवीन फुफ्फुस तोवर चालत होतं. त्यामुळं सगळ्यांना हुरूप आला, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जगभर चाळीसेक ऑपरेशनं झाली, आणि बेल्जियमचा एक पेशंट सोडला, तो दहा महिने काढून गेला, तर बाकी बहुतेक सगळे काही दिवसांत नाहीतर आठवड्यांत गेले. दुसरा-तिसरा आठवडा पार केलेल्यांमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची, ब्रॉन्कसचा जोड उसवलेला. हवा छातीत सुटायची, जंतू शिरायचे, कधी शेजारची धमनी फुटायची.

जोड का उसवतो? आमच्या भागात संत्र्याची कलमं करणाऱ्याला हे चटकन समजेल. जंबेरीच्या (लिंबाची एक जात) खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटवा, बांधतात तेव्हा काप कितीही सफाईनं घेतला, पट्टी कितीही घट्ट बांधली, तरी सालीखालून रस पोचला नाही तर डोळा वाळतोच. ब्रॉन्कसच्या टोकाचं तेच होतं. त्याला रक्त पाजणारी धमनी तुटलेली, मोठ्या धमनीतून उलट्या वाटेनं जे थोडं रक्त झिरपत येतं त्यावर ते कसंबसं जगणार, आणि त्यात भर म्हणजे रिजेक्शन होऊ नये म्हणून पेशंटला पहिल्या दिवसापासून स्टिरॉइडचे मोठे डोस. स्टिरॉइडनं जखम उशिरा भरते हे तर आमच्या दवाखान्यातही रोज दिसतं.

पण खरा दोषी कोण, रक्त कमी पडणं, स्टिरॉइड, की रिजेक्शन? माणसात हे तिन्ही एकत्रच असतं, वेगळं कसं करणार? कॅनडातल्या टोरँटोच्या टीमनं, त्यात जोएल कूपर होते, कुत्र्यांवर जो प्रयोग रचला तो शाळेतल्या पोरांनाही सांगावा असा आहे. त्यांनी कुत्र्याचं फुफ्फुस काढून त्याच कुत्र्याला परत बसवलं. स्वतःचंच फुफ्फुस, म्हणजे रिजेक्शनचा प्रश्न मिटला. मग काही कुत्र्यांना औषध न देता ठेवलं आणि काहींना रिजेक्शनसाठी देतात ती औषधं दिली. स्टिरॉइडवाल्या कुत्र्यांचे जोड कच्चे राहिले. सायक्लोस्पोरिन हे तेव्हा नवीन आलेलं औषध दिलं तर जोड नीट भरले. मग रक्ताचा प्रश्न. बोकड कापताना आतड्यांवर पांढऱ्या चरबीचा जाळीदार पडदा असतो तो तुम्ही बघितलाच असेल, त्यात रक्तवाहिन्या भरपूर असतात. त्यांनी तो पडदा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट पोटातून छातीत वर ओढला आणि ब्रॉन्कसच्या जोडाभोवती गुंडाळला. थोड्याच दिवसांत त्या पडद्यातून बारीक रक्तवाहिन्या ब्रॉन्कसच्या भिंतीत शिरलेल्या दिसल्या. ही दोन उत्तरं हातात घेऊन नोव्हेंबर १९८३ मध्ये टोरँटोत एका पेशंटचं एक फुफ्फुस बदललं, आणि तो माणूस सहा वर्षांहून जास्त जगला.

पुढं आणखी कळलं की देणाऱ्याच्या ब्रॉन्कसचं टोक फुफ्फुसाच्या जवळ, शक्य तितकं आखूड कापलं तर रक्ताची टंचाई कमी होते, त्यामुळं तो चरबीचा पडदा आता सहसा लागतही नाही, आजूबाजूचा मऊ भाग जोडावर ओढून घेतला की भागतं. पण त्यावेळी तो पडदा नसता तर हिंमतच झाली नसती असं मला वाटतं.

टोरँटोचीच एक आणखी केस मला इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण ती आपल्या शेतीशी जोडलेली आहे. १९८२ मध्ये त्यांच्याकडं पॅराक्वाटच्या विषबाधेचा पेशंट होता. पॅराक्वाट म्हणजे तेच तणनाशक जे आपल्याकडंही कपाशीच्या पट्ट्यात मारतात. ते पोटात गेलं की फुफ्फुसाच्या पेशी ते रक्तातून ओढून घेतात, फुफ्फुस दिवसेंदिवस घट्ट होत जातं आणि यावर उतारा नाही. त्या पेशंटला नवीन फुफ्फुस बसवलं, तर अंगात मुरलेलं पॅराक्वाट परत रक्तात येऊन नवीन फुफ्फुसही खराब करायला लागलं, मग दुसऱ्या बाजूचंही बदलावं लागलं, तरी शेवटी तो पेशंट काही महिन्यांतच गेला. हे वाचल्यापासून कोणाच्या गोठ्यात त्या डब्याचं झाकण सैल दिसलं किंवा औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं दिसलं की मी बोलल्याशिवाय पुढं जात नाही, मालकाला राग आला तरी चालेल.

आता माकडांकडं येतो, तेही थोडक्यात. दोन्ही फुफ्फुसं एकदम बदलली तर कुत्रं नीट श्वासच घेत नाही. फुफ्फुस काढताना मेंदूकडं जाणाऱ्या नसा (रक्ताच्या नाही, निरोप नेणारे मज्जातंतू) तुटतात, आणि छाती किती फुगली हा निरोप कुत्र्याच्या मेंदूला मिळाला नाही की त्याचा श्वास खोल आणि एकदम मंद होतो, पुरत नाही. कित्येक वर्षं डॉक्टरांना भीती होती की माणसाचंही असंच होईल. १९६० च्या दशकात माकडांवर बघितलं तर माकडं नसा तुटूनही बऱ्यापैकी श्वास घेतात असं कळलं. मग स्टॅनफर्डमध्ये ब्रूस राइट्झ आणि नॉर्मन शमवे यांनी सायक्लोस्पोरिन देऊन माकडांमध्ये हृदय-फुफ्फुस एकत्र बदलायची पद्धत बसवली आणि मार्च १९८१ मध्ये ती माणसावर केली, ती बाई पाच वर्षं जगली. म्हणजे कुत्र्यावर नाही जमलं म्हणून माणसावरही नाही जमणार असं नसतं, आणि याच्या उलटही तेवढंच खरं. कोणतं जनावर कोणत्या प्रश्नासाठी घ्यायचं हे ठरवणं हीच यातली अर्धी अक्कल आहे.

उंदीर यासाठीच आले. जोड कसा घालायचा हे कळल्यावर पुढचा प्रश्न रिजेक्शनचा, आणि तो कुत्र्यात नीट तपासता येत नाही कारण गावातली दोन कुत्री जशी सारखी नसतात तशी लॅबमधलीही नसतात. रॅट म्हणजे मोठा पांढरा उंदीर आणि माऊस म्हणजे बारका, यांच्या अशा जाती लॅबमध्ये तयार केल्यात ज्यात पिढ्यान्पिढ्या भावाबहिणींचीच पैदास केल्यामुळं सगळे प्राणी जवळपास एकसारखे असतात. एकाच जातीतल्या उंदराचं फुफ्फुस दुसऱ्याला बसवलं तर रिजेक्शन होत नाही, म्हणजे जे काही बिघडेल ते ऑपरेशनमुळं. वेगळ्या जातीतलं बसवलं तर ऑपरेशन तेच, वरचा फरक तो रिजेक्शनचा. एवढा स्वच्छ हिशोब मोठ्या जनावरात जमत नाही.

आता यात हात कसा चालतो ते बघा. रॅटवर पहिली पद्धत १९७१ ची, त्यात सगळे जोड शिवायचे, मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्यानं, वेळ लय लागायचा आणि रॅट टेबलावरच मरायचे. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी जपानी सर्जननी कफची (खोकल्यातला कफ नाही, शर्टाच्या बाहीचा असतो तसा कफ) पद्धत आणली. सलाईन लावायला हातात घालतात ती प्लास्टिकची कॅन्युला असते ना, तिची नळी ब्लेडनं कापून एक-दोन मिलिमीटरची कडी करायची, पकडायला एक बारकं शेपूट ठेवायचं. देणाऱ्या उंदराचं फुफ्फुस आधी थंड द्रावणानं धुऊन घ्यायचं, थोडं फुगलेलंच ठेवायचं, मग बर्फावरच्या गॉजवर ठेवून त्याच्या धमनीचं टोक त्या कडीतून बाहेर काढायचं आणि शर्टाची बाही दुमडतात तसं कडीवर उलटं दुमडून दोऱ्यानं बांधायचं. शिरेला तसंच, ब्रॉन्कसला तसंच. मग घेणाऱ्या उंदराच्या छातीत त्याच्या धमनीला बारीक चीर द्यायची, कडी आत सरकवायची आणि वरून गाठ मारायची, टाका एकही नाही. आतून फक्त नसेचं अस्तर अस्तराला लागतं, प्लास्टिक रक्ताला लागत नाही, म्हणून गाठ धरत नाही. क्लॅम्प (नस दाबून धरणारा चिमटा) सोडला की फिक्कं पडलेलं फुफ्फुस गुलाबी होतं आणि व्हेंटिलेटरच्या प्रत्येक ठोक्याला वर येतं.

डावंच फुफ्फुस काहून? कारण उंदराचं डावं फुफ्फुस अख्खं एकच असतं, उजव्याचे चार भाग असतात, आणि एक भाग वळून हृदयाच्या मागं गेलेला असतो, तिथं काम करणं म्हणजे मुश्किल. शिवाय उजवं जुनं फुफ्फुस तसंच असल्यामुळं उंदीर त्याच्यावर जगतो. यात एक मेख आहे जी वाचणाऱ्यानं लक्षात घ्यावी, उंदीर जगला म्हणजे नवीन फुफ्फुस चांगलं असं होत नाही, ते आत पूर्ण सडलं तरी उंदीर फिरत असतो, म्हणून स्कॅन काढावा लागतो, नवीन फुफ्फुसातून येणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन मोजावा लागतो, मायक्रोस्कोपखाली काप बघावे लागतात. नुसतं 'इतके टक्के उंदीर जगले' असं कुठं वाचलं तर त्यावर भाळू नका.

माऊस त्याहून दहापट बारका, पण त्याचे जीन (जनुकं) हवे तसे बदलता येतात, म्हणून एवढी मेहनत. आज माणसात फुफ्फुस बदलल्यावर निम्मे पेशंट सहा-सात वर्षांच्या पुढं जातात, किडनी किंवा लिव्हरच्या मानानं हे कमी आहे, आणि याचं मोठं कारण म्हणजे बारीक श्वासनळ्या आतून हळूहळू व्रण धरून बंद होणं, ते क्रॉनिक रिजेक्शन. फुफ्फुस रोज बाहेरची हवा, धूळ, जंतू आत घेतं, त्यामुळं शरीराचे पहारेकरी तिथं कायम जागे. हे नक्की कुठून सुरू होतं याचा शोध माऊसमध्येच चालू आहे आणि याचं पक्कं औषध अजून हातात नाही.

डुक्कर आलं ते आकारामुळं. त्याची छाती, नसा, फुफ्फुसाचा आकार माणसाच्या जवळ, म्हणून माणसाचीच मशीनं आणि नळ्या त्याला चालतात. मेलेल्या माणसाकडून मिळालेली बरीचशी फुफ्फुसं वापरताच येत नाहीत, पाणी भरलेलं असतं, शंका असते. स्वीडनच्या लुंड शहरात स्टिग स्टीन यांनी डुकरांवर तयारी करून अशी पद्धत बसवली की फुफ्फुस शरीराबाहेर काचेच्या डब्यासारख्या घुमटात ठेवायचं, त्याला अंगाच्या उष्णतेवर आणून व्हेंटिलेटर लावायचा, खास द्रावण पंपानं फिरवायचं आणि ते चालतं का ते बसवण्याआधीच तपासायचं. २००१ मध्ये त्यांनी माणसातली पहिली केस छापली. टोरँटोनं २००८ मध्ये डुकराची फुफ्फुसं अशी १२ तास चालवून दाखवली आणि २०११ मध्ये माणसातले निकाल दिले, संशयित म्हणून बाजूला पडली असती अशी २० फुफ्फुसं मशीनवर तपासून बसवली आणि पेशंटचे निकाल नेहमीच्या फुफ्फुसांइतकेच आले.

या जनावरांचं काय, हे कोणीतरी विचारणारच आणि विचारलंच पाहिजे. मी रोज मुक्या जनावरांत राहतो, बधिर न करता शिंग कापलेलं वासरू कसं ओरडतं ते मी ऐकलं आहे, त्यामुळं जुने प्रयोग वाचताना माझ्याच अंगावर काटा येतो. सुरुवातीच्या काळात बहुतेक ठिकाणी ना कमिटी होती, ना ऑपरेशननंतर दुखण्याचं औषध द्यायची सक्ती. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी मांडलं की जनावराशिवाय जमत असेल तर जनावर घेऊ नका, घेतलं तर कमीत कमी घ्या, आणि त्याचं दुखणं कमीत कमी करा. आपल्याकडं १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली यासाठी राष्ट्रीय समिती आहे आणि प्रत्येक संस्थेत पशुवैद्य असलेली कमिटी परवानगी देते. माझं मत विचाराल तर नवीन सर्जननं आधी खाटकाकडून आणलेल्या फुफ्फुस-हृदयावर हात बसवावा, मेत्रासचा जोड त्यावर मस्त शिकता येतो, आणि हात बसल्यावरच जिवंत जनावराला ब्लेड लावावं. हात शिकण्यासाठी जीव घालवणं मला पटत नाही.

डुकराचं फुफ्फुस सरळ माणसालाच बसवायचाही प्रयत्न झाला आहे. चीनच्या ग्वांगझूमध्ये सहा जीन बदललेल्या डुकराचं डावं फुफ्फुस ब्रेन-डेड माणसाला, घरच्यांच्या परवानगीनं, बसवलं, ते ९ दिवस चाललं पण एका दिवसातच त्यात पाणी साचलं आणि पुढं रिजेक्शनची लक्षणं आली. ऑगस्ट २०२५ मध्ये ते छापून आलं. पेशंटपर्यंत यायला याला अजून लय अवकाश आहे.

त्यापेक्षा आपल्या उपयोगाची गोष्ट मला टोरँटोच्या दुसऱ्या एका डुकरांवरच्या कामात दिसते. इतकी वर्षं फुफ्फुस बर्फात, ४ अंशाच्या आसपास न्यायचे, आणि सहा-आठ तासांत बसवायची घाई असायची. त्यांनी डुकराची फुफ्फुसं १० अंशांवर ठेवून बघितली, २०२१ मध्ये छापलं की ३६ तासांनंतरही ती शरीराबाहेर मशीनवर तपासल्यावर बर्फातल्यांपेक्षा चांगली चालली, कारण १० अंशांवर पेशींमधली ऊर्जा बनवणारी यंत्रणा बर्फाएवढी दुखावत नाही. २०२३ मध्ये माणसातले निकालही आले, रात्री मिळालेलं फुफ्फुस सकाळपर्यंत ठेवून दिवसाउजेडी ताज्या टीमनं बसवलं. आपल्याकडं अवयव दिला जातो नागपूरला आणि फुफ्फुस बसवणारी मोठी सेंटरं चेन्नई, हैदराबाद, मुंबईला, मध्ये ग्रीन कॉरिडॉर, विमान, पोलिस अशी सगळी घड्याळाशी शर्यत असते, रात्री विमान नसलं तर चांगलं फुफ्फुसही वाया जाऊ शकतं. अशा ठिकाणी हातात आणखी बारा तास आले तर नागपुरातलं फुफ्फुस सकाळच्या साध्या विमानानंही चेन्नईला पोचू शकतं.